पाठीवर गाठोडे, तीन दिवसांची वाट



दक्षिण अमेरिका नावाचा एक खंड आहे. तो आपल्यापासून फार दूर, समुद्रापलीकडे आहे. त्या खंडात पेरू नावाचा देश आहे. आपण खातो ते फळ नव्हे. देशाचे नावच पेरू. तेथे उंच डोंगरावर माचू पिचू नावाचे जुने दगडी नगर आहे. सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी इंका राजांनी ते बांधले. तेथल्या चांगल्या भिंतींत दगडाला दगड असा बसवला आहे, की मध्ये चुना नाही. जगभरातली तरुण मुले पाठीवर गाठोडे बांधून तिकडे जातात. चार दिवस डोंगरातून चालतात, रात्री राहुटीत झोपतात. त्या वाटेवर दिवसाला पाचशेच माणसांना परवाना मिळतो, तोही वाटाडे व हमाल धरून. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. पाहणारे फार झाले तर पाहण्याची वस्तूच झिजते, म्हणून हा नियम.

हे आम्ही एका रात्री साक्षरता वर्गात वाचून दाखवले. एक मावशी म्हणाल्या, "गुरुजी, गाठोडं घेऊन चालायचं त्यात नवं ते काय? पंढरीला जातोच की आपण."

मागे एक सत्तरीचे बाबा बसले होते. त्याच वर्षी ते आपले नाव लिहायला शिकले होते. ते म्हणाले, "आपल्याकडं असं काही पाहण्यासारखं नाहीच काय?"

आम्ही म्हटले, "आहे. आणि चालत जाता येईल इतकं जवळ आहे."

दिवाळी झाली. ज्वारीची पेरणी उरकली. मग आम्ही पाच जण निघालो. वाट ठरली ती अशी : भोकरदन, अन्वा आणि अजिंठा.

गाठोड्यात काय घ्यावे?

एक घोंगडी. दोन दिवस टिकतील असे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. पाण्याची बाटली. काठी. बॅटरी. आधार कार्ड. पैसे आतल्या खिशात. यापेक्षा जास्त घेऊ नये. गाठोडे हलके असले तर वाट जवळ होते.

भोकरदन

भोकरदन आपल्या जालना जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. केळणा नदीच्या काठी तेथे खडकात कोरलेले लेणे आहे. पण या गावाची खरी गोष्ट जमिनीखाली होती. १९७३ साली तेथे जाणकारांनी खोदकाम केले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्तीही मिळाली. इटली देशात पाँपेई नावाचे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली याच धर्तीची हस्तिदंती मूर्ती सापडली होती. म्हणजे आपल्या भागातल्या कारागिरीचे आणि दूरदेशीच्या बाजाराचे नाते जुने आहे.

मध्य प्रदेशात सांची येथे मोठा बौद्ध स्तूप आहे. त्याच्या दगडांवर दान देणाऱ्या शेकडो लोकांची नावे कोरली आहेत. त्यांत पुरुष आहेत, बाया आहेत, भिक्षू आणि भिक्षुणी आहेत. पुष्कळ नावांपुढे गावाचेही नाव आहे. त्यांतले एक गाव भोगवर्धन. भोगवर्धन म्हणजेच आपले भोकरदन, असे जाणकार मानतात. सांची येथून चारशे किलोमीटरांहून जास्त लांब आहे. तेव्हा एस. टी. नव्हती, रेल्वे नव्हती. तरी आपल्या गावच्या माणसांचे दान तेथे पोचले, आणि नावही राहिले.

हे ऐकून बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दगडावर नाव! दोन हजार वर्सं!"

अन्वा

मुक्कामाला अन्व्याला पोचलो. सकाळी देऊळ पाहिले. हे देऊळ सुमारे आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे, काळ्या दगडाचे. आत महादेवाची पिंड आहे. मंडपात कोरीव खांबांची दाटी आहे. वर छताकडे पाहावे तर दगडाची वर्तुळे एकात एक लहान होत गेलेली. पेरू देशातल्या भिंतींसारखाच येथेही दगडावर दगड नुसता बसवलेला. मावशी खांबावरून हात फिरवीत म्हणाल्या, "जात्याची पाळी टाकवताना दगड फुटतो. ह्यांनी एवढं कसं कोरलं असंल!"

इतक्यात बाबा दिसेनात. पाहतो तर ते एका खांबापाशी उभे. हातात अणकुचीदार खडा.

"गुरुजी, साठ वर्सं अंगठा उठवला. आता नाव येतंय. इथं लिहू काय?"

आम्ही म्हणालो, "नको बाबा. इथं लिहू नये."

बाबांचा चेहरा उतरला. "काहून? त्या भोगवर्धनवाल्यांचं चालतं, अन् आमचं नाही चालत?"

खरे सांगतो, त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. कारण शाळेत असताना एका किल्ल्यावर आम्हीही दगडाने नाव ओरखडले होते. बाबांनी खडा टाकला, गाठोडे उचलले आणि वाट धरली. पुढे दिवसभर ते आमच्याशी बोलले नाहीत.

अजिंठा

दुसरी रात्र अजिंठा गावात काढली. सकाळी डोंगरमाथ्यावर गेलो. खाली वाघूर नदी घोड्याच्या नालासारखी वळलेली. त्या वळणाच्या उभ्या कड्यात ओळीने लेणी, सुमारे तीस. पायऱ्यांनी खाली उतरलो, तिकिटे काढली. सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.

दहावे लेणे अगदी जुने, एकवीसशे-बावीसशे वर्षांपूर्वीचे. त्याच्या तोंडाशी जुन्या अक्षरांत एक ओळ कोरली आहे. तिचा अर्थ असा : वासिष्ठीपुत्र कटहादी याने हे दर्शनी तोंड दान दिले. वासिष्ठीपुत्र म्हणजे वासिष्ठीचा मुलगा. आईचे नाव आधी, मग स्वतःचे.

त्याच लेण्यात एका खांबावर दुसरे एक नाव आहे. इ. स. १८१९ च्या एप्रिल महिन्याच्या २८ तारखेला जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने येथे आला होता. त्याने खांबावरच्या चित्रावर आपले नाव आणि तारीख खरडली. हजाराहून जास्त वर्षे टिकलेले चित्र, त्याच्यावर ओरखडा! लेण्यांतली चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. गिलाव्यात भुसा आहे, झाडांचे तंतू आहेत. आपल्या घरातल्या सारवलेल्या भिंतीसारखाच तो नाजूक असतो. पोपडा निघाला की पुन्हा बसत नाही.

बाबा त्या खांबाखाली उभे राहिले. मग बाहेर येऊन दाराशी उभे राहिले. मग आपणच बोलले.

"गुरुजी, दोन्ही नावंच हायेत. पण ह्यानं दिलं, म्हून त्याचं नाव कोरलं. अन् त्यानं काहीच न देता नाव टाकलं."

काल जे आम्हाला सांगता आले नाही, ते बाबांनी सांगितले. आम्ही त्यांना आमची किल्ल्यावरची गोष्ट सांगितली. बाबा हसले. दोघांचेही ओझे उतरले.

कायदाही हेच सांगतो. राष्ट्रीय महत्त्वाच्या जुन्या वास्तूंसाठी १९५८ चा कायदा आहे. २०१० साली तो कडक केला. अशा वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण केवळ शिक्षेच्या भीतीने थांबू नये. ती वस्तू आपली आहे आणि आपल्या नातवंडांनाही ती पाहायची आहे, म्हणून थांबावे.

परतल्यावर

परतीला एस. टी. ने आलो. वाटेत बाबा गावोगावच्या पाट्या मोठ्याने वाचत होते.

आठ दिवसांनी वर्गाच्या ओट्यावर मातीचा नवा रांजण दिसला. वर झाकण, शेजारी ओगराळे. रांजणाच्या पोटावर चुन्याने लिहिले होते : आधी आईचे नाव, मग बाबांचे, मग गावाचे. एक वेलांटी चुकली होती. आम्ही ती दुरुस्त केली नाही. वर्गातली सर्व मंडळी त्या रांजणातले पाणी पितात.

वाचकहो, तुम्हीही पाठीवर गाठोडे घ्या. आपला मुलूख पायी पाहा. पाट्या वाचा, दगडावरची अक्षरे कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि आपले नाव लिहावेसे वाटले, तर आधी काय द्यावे याचा विचार करा.

प्रश्न

१. भोगवर्धन म्हणजे कोणते गाव?
२. दहाव्या लेण्यातल्या दोन नावांत फरक कोणता?
३. तुमच्या गावाजवळ जुने देऊळ, बारव किंवा गढी आहे काय? तिच्याविषयी पाच ओळी लिहा. भिंतीवर नव्हे, वहीत लिहा.