ठासणीची पहिली रायफल

प्रश्न : पेनसिल्व्हेनियात राहतो. ट्रॅडिशन्सची जुनी डीअरहंटर स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

उत्तर : नळी चांगली असेल तर जरूर घ्या. आधी गज आत सोडून खोली मोजा. जुन्या बंदुकीत कुणाचा तरी बार तसाच राहिलेला सापडतो! रिकामी असल्यास कोरडी चिंधी फिरवा. तांबूस निघाली किंवा एकाच जागी अडखळली, तर किमतीचा मोह सोडा. मग घोडा अर्धा चढवून चाप दाबा, सुटता कामा नये. ४८ इंचांत एक फेरा हा पीळ मधला. कापडात बसवलेली गोल गोळी बेताच्या काळ्या दारूवर नीट जाते. प्लास्टिकचा दस्ता दिसायला भिकार, पण नेमाला बाधत नाही. नाताळानंतरच्या खास हंगामात हरणाची शिकार करायची असेल, तर टोपीची नको, चकमकीचीच बघा. धूरविरहित दारू मात्र चिमूटभरही घालू नका, नळी फुटेल.