मोटारीचा मेंदू

मोटारीत बसून तुम्ही अनेकदा प्रवास केला असेल. परंतु त्या वेळी इंजिनात काय चालले आहे, याचा विचार क्वचितच मनात येतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्यात दर सेकंदाला १०० वेळा पेट्रोल पेटते! प्रत्येक वेळी पेट्रोल किती सोडावे आणि ठिणगी केव्हा पाडावी, हे कोणी ठरवावयाचे?

पूर्वी मिस्त्री इंजिनाच्या आवाजाकडे कान देई आणि कार्बोरेटरचा स्क्रू किंचित फिरवून मेळ जमवी. ही कला मोठी खरी. पण घाट चढताना मिस्त्री कोठून आणावा? १९७९ मध्ये जर्मनीतील बॉश कंपनीची ‘मोट्रॉनिक’ नावाची योजना बीएमडब्ल्यूच्या मोटारीत आली. तिने इंधन व ठिणगी ही दोन्ही कामे एकाच संगणकाकडे सोपविली. आज असा संगणक बहुतेक मोटारींत असतो.

त्याच्या स्मृतीत मोठमोठी कोष्टके साठविलेली असतात. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा किती आत येत आहे, इंजिन किती तापले आहे, हे संवेदक कळवितात आणि संगणक कोष्टक पाहून उत्तर देतो. लेहसारख्या उंच गावी हवा विरळ असते. तेथे तो पेट्रोलही बेताने सोडतो.

ही कोष्टके पुसून नवी लिहिता येतात. ज्या इंजिनात टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा असतो, त्यात हवेचा दाब व इंधन वाढविले की शक्ती बरीच वाढते. साध्या इंजिनात मात्र लाभ अल्पच. मग ही शक्ती निर्मात्यानेच का दिली नाही? कारण चंद्रपूरचा वैशाख, हलके पेट्रोल, झिजलेले भाग या सर्वांसाठी त्याने थोडी शिल्लक राखून ठेवलेली असते. नवे कोष्टक ती शिल्लक खर्च करते. ठिणगी फार लवकर पडली, तर उरलेले इंधन अवेळी भडकते आणि दट्ट्यावर हातोडीसारखे घाव बसतात. इंधन प्रमाणाबाहेर वाढविले, तर धूर वाढतो. आणि तो मोटारीच्या मालकापेक्षा मागून सायकलीवर येणाऱ्याच्या नाकात अधिक जातो.

कोष्टके लिहिणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, हे फोक्सवॅगन कंपनीच्या प्रकरणात जगाला दिसले. तिच्या डिझेल मोटारींचा संगणक आपली परीक्षा चालू आहे, हे ओळखत असे आणि तेवढ्यापुरताच धूर स्वच्छ ठेवीत असे. रस्त्यावर आल्यावर हा संयम सुटे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मापनयंत्रे मोटारीतच ठेवून लांबचा प्रवास केला, आणि २०१४ मध्ये तफावत उजेडात आली. नत्राची घातक ऑक्साइडे काही वेळा मर्यादेच्या ४० पटींपर्यंत बाहेर पडत होती. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने कबुली दिली. अशा मोटारी जगभर सुमारे १ कोटी १० लाख होत्या! युरोपात त्यांची कोष्टके नव्याने लिहिली गेली. अमेरिकेत कंपनीने लाखो मोटारी परत विकत घेतल्या. त्यांपैकी हजारो मोटारी मिशिगन राज्यातील एका ओस पडलेल्या क्रीडागाराच्या आवारात रांगेने उभ्या होत्या.