टाकीतल्या माशांवर रात्रीची नजर

मासा म्हटलं की हॉस्टेलवाल्यांना रविवारची मेस आठवते आणि कळंबवाल्यांना जाळं. पण माशाची पिल्लं अंड्यातून बाहेर येताना आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहेत? कळंबच्या किनाऱ्यावर कॅमेरा बुडवून ते दिसणार नाही. भरतीच्या गढूळ पाण्यात फक्त चहाच्या रंगाचा पडदा दिसेल. त्यासाठी टाकीच हवी, आणि टाकीपाशी रात्री टॉर्च घेऊन उभा राहणारा माणूस नको.

रात्रीच्या या राखणीला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात अंगुल येथे डॉ. हीरालाल चौधुरी यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. (१० जुलैचा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन त्याचाच.) इंजेक्शननंतर काही तासांत मासे अंडी सोडतात, म्हणजे संध्याकाळी सुई टोचली की रात्र जागणं आलंच.

आपल्या जवळचं उदाहरण ऐरोलीचं. तिथे कांदळवन प्रतिष्ठानने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या साहाय्याने शोभिवंत सागरी माशांच्या प्रजननाचं काम सुरू केलं. त्यातला मुख्य मासा क्लाऊनफिश, २००३ च्या सिनेमातला आपला निमो. (जाता जाता: क्लाऊनफिशची मादी मेली तर नरच मादी होतो. सिनेमावाल्यांनी हे सोयीस्करपणे गाळलं!)

क्लाऊनफिशची जोडी दगडावर किंवा कौलाच्या तुकड्यावर अंडी चिकटवते. नर त्यांना परांनी सतत वारा घालतो, म्हणजे ताजं पाणी पोहोचवतो. अंडी आधी केशरी, मग काळपट होतात आणि शेवटी त्यांत चंदेरी डोळे चमकू लागतात. २७-२८ अंश सेल्सिअसला साधारण सात-आठ दिवसांनी, अंधार पडल्यावर तास-दोन तासांत पिल्लं सुटतात. जेमतेम तीन-चार मिलिमीटरची! त्याच टाकीत राहिली तर मोठे मासे खातात, नाहीतर फिल्टर ओढून घेतो. म्हणून अंडी असलेला तुकडा त्याच संध्याकाळी वेगळ्या टाकीत न्यायचा असतो. फार लवकर हलवला तर नराचा वारा बंद होतो आणि अंड्यांवर बुरशी चढते. उशीर झाला तर आठवड्याची मेहनत फिल्टरमध्ये. कॅमेऱ्याकडून आपल्याला हवी आहे ती ही एक संध्याकाळ.

आता आपला विषय. बहुतेक माशांना इन्फ्रारेड प्रकाश दिसत नाही, म्हणून तो वापरायचा. बाजारात दोन प्रकारचे एलईडी मिळतात, ८५० आणि ९४० नॅनोमीटरचे. ९४० चा लाल ठिपकाही दिसत नाही, म्हणून दुकानदार तोच चांगला म्हणून सांगतो. घराच्या दारासाठी असेलही. पाण्यात मात्र तो बाद! एलईडीपासून अंड्यांपर्यंत आणि तिथून कॅमेऱ्यापर्यंत मिळून ३० सेंटिमीटर पाणी धरा. ८५० चा साधारण पाव भाग प्रकाश पार होतो, ९४० चा हजारावा हिस्साही नाही. पाणी स्वच्छ असलं तरी हेच गणित. शिवाय तयार सीसीटीव्ही कॅमेऱ्याचे स्वतःचे एलईडी काचेवर आपटून परत येतात आणि चित्र पांढरं होतं. ते बंद करा, लेन्स काचेला टेकवा आणि दिवा बाजूने तिरका लावा.

रास्पबेरी पाय आणि त्याचा इन्फ्रारेड फिल्टर नसलेला कॅमेरा एवढ्याला पुरतो. पण दिवसभर व्हिडिओ घेऊन करणार काय? आणि हॉस्टेलच्या वायफायबद्दल मी काही बोलत नाही. दर दहा मिनिटांनी २० सेकंद घ्या, दिवसाला १४४ तुकडे, एकूण ४८ मिनिटं. इथे नायक्विस्ट साहेब भेटतात, ज्यांना आपण व्हायवापुरते ओळखतो. समजा पर सेकंदाला तीनदा हलला, तर सेकंदाला सहापेक्षा जास्त फ्रेम हव्यातच. पंधरा घ्या म्हणजे वाद नको. अंड्यांभोवतीच्या चौकटीत लागोपाठच्या फ्रेम वजा केल्या की हालचालीचा आकडा मिळतो. गर्भ वाढतो तशी त्याची प्राणवायूची गरज वाढते आणि नराचं वारा घालणंही. हा आलेख आणि रोज ठरलेल्या वेळी दिवसाच्या उजेडात काढलेला अंड्यांचा एक जवळचा फोटो, एवढंच फोनवर पाठवा. चंदेरी डोळे दिसले आणि आलेख चढता असला की रोटिफरची बरणी तयार ठेवायची, कारण पिल्लांचं पहिलं जेवण तेच.

एक सूचना विशेषतः इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना: लाइट गेली तर कॅमेरा चालू आणि हवेचा पंप बंद, अशी वायरिंग करू नका. यूपीएसवर आधी पंप, मग उरलं तर कॅमेरा. खाऱ्या पाण्याजवळ १२ व्होल्टच्या वर काही नेऊ नका, अडॅप्टर टाकीपेक्षा उंचावर ठेवा, आणि वायर बोर्डात जाण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्या म्हणजे ओघळलेलं पाणी झोळातूनच खाली टपकेल.