वाट दाखवणारे विद्यार्थी

रायपूरजवळ, नवा रायपूरच्या परिसरातील उपरवारा येथे हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. २००३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला भारताचे माजी सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांचे नाव देण्यात आले. हिदायतुल्ला रायपूरच्या सरकारी शाळेत शिकले आणि पुढील शिक्षणासाठी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले. त्या काळी ही दोन्ही शहरे मध्य प्रांतातच होती.

बारावीनंतर पाच वर्षांत कायद्याची पदवी देणाऱ्या अशा विद्यापीठांत प्रवेश मिळणे अवघड असते. त्यासाठी २००८ पासून ‘क्लॅट’ ही सामाईक परीक्षा घेतली जाते. महाराष्ट्रातील मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विधी विद्यापीठांचे प्रवेशही तिच्यातूनच होतात. २०२४ च्या प्रवेशापासून तिचे स्वरूप १२० प्रश्न आणि दोन तास असे आहे. चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा होतो. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. २०२५ च्या परीक्षेसाठी सर्वसाधारण उमेदवाराला केवळ अर्जापोटी ४,००० रुपये भरावे लागले. शेतमजुराच्या घरातील मुलीला हा आकडा मोठाच आहे. पण त्याच्याही आधीची अडचण अशी, की अशी काही परीक्षा असते हेच तिच्या कानावर आलेले नसते. जी वाट ठाऊकच नाही, तिच्यावर पाऊल कसे पडणार?

ही उणीव प्राध्यापक शमनाद बशीर यांनी ओळखली. बौद्धिक संपदा कायद्याचे हे गाढे अभ्यासक त्या वेळी कोलकात्याच्या विधी विद्यापीठात शिकवत होते. २०१० मध्ये त्यांनी ‘आयडिया’ हा उपक्रम सुरू केला. त्याच्या राज्यवार शाखांची बरीचशी धुरा कायद्याचे विद्यार्थीच वाहतात. छत्तीसगडमधील काम रायपूरच्या विद्यापीठातील विद्यार्थी पाहतात. २०१९ साली बशीर यांचे निधन झाले. उपक्रम मात्र थांबला नाही.

हे विद्यार्थी शाळांमध्ये जातात, कायद्याचे शिक्षण म्हणजे काय ते समजावून सांगतात आणि चाचणी घेऊन होतकरू मुले निवडतात. निवडलेल्यांना परीक्षेची तयारी करून दिली जाते. त्यात इंग्रजी उताऱ्यांच्या वाचनाला मोठे स्थान असते, कारण सध्याची परीक्षा मुख्यतः उताऱ्यांवरच बेतलेली आहे. पाठांतर तिथे फारसे कामी येत नाही.

परीक्षा झाली म्हणजे सारे झाले असे नाही. उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा दाखला मुदतीत हाती असावा लागतो. राज्यातील रहिवाशांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर हक्क सांगायचा, तर अधिवासाचा कागद हवाच. त्यानंतर येतो विद्यापीठांचा पसंतीक्रम. पुष्कळ मुले येथेच फसतात. समजा, एखाद्याने केवळ ऐकीव कीर्तीवरून दूरचे, महागडे विद्यापीठ वर लिहिले आणि घराजवळचे, परवडणारे खाली. पहिल्या फेरीत त्याला जवळचे मिळाले. ती जागा त्याने कायम केली तर प्रश्न मिटला. पण ‘आणखी वरचे मिळते का पाहू’ म्हणून तो पुढच्या फेरीत राहिला आणि दूरचे विद्यापीठ मिळाले, तर जवळची जागा हातची जाते. नियमपुस्तिकेत हे लिहिलेले असते. परंतु दोन वर्षांपूर्वी याच फेऱ्यांमधून गेलेला विद्यार्थी शेजारी बसून समजावतो, तेव्हा ते ध्यानात राहते. त्याच्यापाशी शंका विचारताना संकोचही वाटत नाही. शिक्षकांचा अधिकार मोठा खरा, पण आपल्या काळची प्रवेशपद्धती बदलली हे त्यांना पुष्कळदा उशिरा कळते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. मार्गदर्शक स्वतःच विद्यार्थी असल्याने त्याच्या परीक्षा आल्या की कामाला खीळ बसते. पदवी घेऊन तो निघून गेला की नव्याला सारे पुन्हा शिकावे लागते. शिवाय आपल्याला आवडलेलेच विद्यापीठ दुसऱ्यालाही सुचवण्याचा मोह तरुण वयात आवरत नाही. घरची परिस्थिती विचारून घेतल्याशिवाय दिलेला सल्ला कितीही सद्‌हेतूने दिलेला असला, तरी महागात पडतो.

प्रवेशानंतरही ‘आयडिया’ शुल्कासाठी साहाय्य मिळवून देण्याचा प्रयत्न करते. पहिल्या वर्षी इंग्रजीतून चाललेली व्याख्याने आणि निकालपत्रांचे जाडजूड खंड यांनी गांगरलेल्या मुलाजवळ तेव्हाही कुणीतरी वरच्या वर्गातला विद्यार्थी बसतो आणि परिच्छेद पुन्हा वाचून दाखवतो.