गलबत फुटले तरी

पाठ : प्रेषितांची कृत्ये 27 : 9–44 व 28 : 1–3
मनन करण्याकरिता : रोमकरांस पत्र 8 : 35–39

संकटसमयी देवावर भिस्त ठेवावी, असा बोध आपण मंडळीत वारंवार ऐकतो. परंतु ज्याचे उभे पीक वाळून गेले, अथवा ज्याच्या घरचे कर्ते माणूस अंथरुणास खिळले, तो विचारतो, “आम्ही प्रार्थना केली, तरी असे का झाले? आणि आता भिस्त ठेवायची म्हणजे करायचे तरी काय?” हा अविश्वास आहे असे म्हणून त्यास गप्प बसविणे बरे नव्हे. आजच्या पाठात या प्रश्नाचा विचार करू.

1. संकट कसे आले. पौल बंदिवान होऊन रोमास चालला होता. क्रेत बेटाच्या सुंदर बंदरात असता त्याने इशारा दिला की, या ऋतूत पुढे जाणे धोक्याचे आहे. शताधिपतीने त्याचे न ऐकता तांडेलावर व गलबताच्या मालकावर विश्वास ठेविला. मग तुफान उठले. पुष्कळ दिवस सूर्य दिसेना, तारे दिसेनात, आणि वाचण्याची आशा सुटली. येथे हे लक्षात ठेवावे की, चूक दुसऱ्यांची होती, तरी पौल त्याच गलबतात होता. देवाच्या सेवकासाठी निराळे गलबत नव्हते. म्हणून शेजाऱ्यांवर आलेली अवर्षणाची वा रोगाची आपत्ती आपणांवरही आली, तर देवाने आपणांस टाकिले असे समजू नये.

2. वचन कशाचे होते. रात्री देवाचा दूत पौलाजवळ उभा राहिला. पौलाने कैसरापुढे उभे राहिलेच पाहिजे, आणि त्याच्या सोबत्यांपैकी कोणाच्याही जिवाचा नाश होणार नाही, हे त्यास कळले. मात्र गलबत जाणार हेही त्याने लोकांस उघड सांगितले. आपण पुष्कळदा गलबताविषयी प्रार्थना करितो, आणि ते फुटले की देवाने ऐकले नाही असे म्हणतो. तसेच, जीव वाचण्याचे हे वचन त्या प्रवासापुरते होते. प्रत्येक आजाऱ्यास ते लावून त्याच्या घरच्यांस खोटी आशा दाखवू नये. पुढे रोमात पौलाने ख्रिस्तासाठी प्राण दिला, असे मंडळीची परंपरा सांगते. सर्वांकरिता व सर्वकाळ असलेले वचन रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहे : जीवन असो की मरण, ख्रिस्तामधील देवाच्या प्रीतीपासून आपणांस काहीच वेगळे करू शकत नाही.

3. भिस्त आणि काम. चौदाव्या रात्री खलाशांनी बुडीद टाकून पाहिले, तो वीस वाव पाणी लागले. थोड्या अंतरावर पंधरा वाव. खडकावर आपटू या भयाने त्यांनी मागच्या बाजूने चार नांगर टाकिले व उजाडण्याची वाट पाहिली. इतक्यात काही खलाशी नांगराचे निमित्त करून होडीतून निसटू लागले. तेव्हा पौलाने शताधिपतीस सांगितले की, हे गलबतात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. सर्व वाचतील हे देवाने आधीच कळविले होते, मग खलाशांची गरज काय? गरज ही की, देव जे करणार होता ते त्या खलाशांच्या हातांनीही करणार होता. वचन मिळाले म्हणून पौल हात जोडून बसला नाही. त्याने सर्वांदेखत देवाचे आभार मानून भाकर मोडली व उपाशी लोकांस धीर देऊन जेवावयास लाविले. नंतर गहू समुद्रात टाकून गलबत हलके केले. शेवटी गलबत वाळूत रुतून फुटले. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, असे 276 जण काठास लागले. आणि नुकताच बुडता बुडता वाचलेला पौल त्या पावसात व थंडीत शेकोटीसाठी काटक्या गोळा करू लागला!

4. आपल्या प्रांतातील साक्ष. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईबाप व बहीण गमाविली होती. 1896–97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा उपासमार म्हणजे काय हे जाणणाऱ्या बाईंनी देवाची प्रार्थना केली, आणि उठून तिकडे गेल्या. शेकडो निराधार मुलींस त्यांनी आश्रय दिला. पुण्यात प्लेगाच्या साथीमुळे मुलींची सोय होईना, म्हणून केडगावच्या शेतावर त्यांचे बिऱ्हाड मांडिले. तेथेच मुक्ती सदन वाढले. बाईंची प्रार्थना व बाईंचे श्रम ही दोन निराळी खाती नव्हती.

5. आपण काय करावे. आजारी मुलास दवाखान्यात नेणे हा विश्वासाचा अभाव नव्हे. कर्जाचा भार असह्य झाला असता तो मंडळीच्या वडिलांपाशी बोलून दाखविणे ही लाज नव्हे. आणि ज्याच्या कणगीत दाणे आहेत त्याने होडी सोडून एकट्याने निसटू नये. कदाचित शेजाऱ्यासाठी देवाने दिलेले उत्तर त्याच्याच घरात असेल. ज्यास काहीच सुचत नाही, त्याने त्या खलाशांप्रमाणे नांगर टाकून उजाडण्याची वाट पाहावी. तीही भिस्तच आहे. आणि अशाच्या दाराशी आपण बोध घेऊन जाण्यापूर्वी भाकर व चार काटक्या घेऊन जावे.

मंडळीत विचारण्याचे प्रश्न :
(1) पौलाचा इशारा न ऐकणाऱ्यांशी तो संकटात कसा वागला?
(2) देवाने काय राखण्याचे वचन दिले, आणि काय जाऊ दिले?
(3) आपल्या गावात आज कोणाचे गलबत फुटले आहे? या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाईल?