याजक आणि अर्पण : लेवीय पुस्तक कसें वाचावें

पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून क्रमानें वाचण्याचा संकल्प आपल्या शाळेंतील पुष्कळ मुलें-मुली करितात. उत्पत्तीचें पुस्तक गोष्टींचें असल्यामुळें भराभर संपतें. निर्गमांत मिसर देश, तांबडा समुद्र आणि सीनाय पर्वत येथपर्यंत उत्साह टिकतो. पुढें निवासमंडपाच्या फळ्या, कड्या व पडदे यांचीं मापें आलीं कीं वाचन मंदावतें, आणि लेवीय पुस्तकांत तें बहुधा थांबतें. कारण विचारलें तर दोन उत्तरें मिळतात. एक, हें समजत नाहीं. दुसरें अधिक प्रामाणिक आहे: इतकें रक्त वाचवत नाहीं. प्रेमस्वरूप देवाला बैल, मेंढरें व बकरे कापून काय हवें होतें, हा प्रश्न मुलें भीत भीत विचारतात. कित्येक पालकांच्याही मनांत तो असतो. कारण आपल्या झाडीपट्टींतील गांवांत नवस फेडण्यासाठीं देवीपुढें कोंबडा किंवा बकरा कापलेला त्यांनीं पाहिलेला असतो. मग तें अर्पण आणि हें, यांत भेद तो कोणता? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तर शब्दापासूनच सुरू होतें.

मराठी शास्त्रांत ज्याला आपण 'अर्पण' म्हणतों त्याला इब्री भाषेंत 'कोरबान' असें सर्वसाधारण नांव आहे. मार्काच्या सातव्या अध्यायांत प्रभूच्या तोंडीं हा शब्द जसाच्या तसा आला आहे. इब्री व अरबी या बहिणी भाषा. बकरी ईदच्या दिवशीं आपले मुसलमान शेजारी जो 'कुर्बानी' शब्द उच्चारतात तो ह्याच कुळांतला. आणि हिंदींत 'जवळ' ह्या अर्थीं जो 'करीब' शब्द आहे तोही त्याच धातूचा. त्या धातूचा अर्थ 'जवळ येणें' असा आहे. तेव्हां कोरबान म्हणजे देवाला पोंचविलेलें खाद्य नव्हे, किंवा त्याचा राग उतरावा म्हणून दिलेली लांचही नव्हे. ज्याच्या योगानें मनुष्य देवाच्या जवळ येतो तें कोरबान. नवसाचीं अर्पणें इस्राएलांतही होतीं, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु पापाच्या अर्पणांत 'तूं माझें हें कर, म्हणजे मी तुला तें देईन' असा सौदा कोठेंच नाहीं. तेथें अडचण एकच आहे. देव पवित्र, लोक अपवित्र, आणि तरीही त्या लोकांच्या छावणीच्या मध्यभागीं राहण्याची देवाची इच्छा. मग त्यांनीं जवळ यावें कसें?

ही अडचण मंडपाच्या रचनेंतच दिसते. अंगण 100 हात लांब व 50 हात रुंद. शास्त्रांतील हात सुमारें दीड फुटाचा, म्हणजे आपल्याकडे जुन्या मापांत धरीत असत तेवढाच. मंडप स्वतः 30 हात लांब, व आंत पडदा लावून त्याचे दोन भाग केलेले. सर्वांत आंतील परमपवित्र स्थान लांबी, रुंदी व उंची तिन्ही बाजूंनीं 10 हात. लोक अंगणापर्यंत येत. याजक पवित्र स्थानांत जात. पडद्यापलीकडे एकटा मुख्य याजक जाई, आणि तोही वर्षांतून एकाच दिवशीं. अंगणाच्या दारांतून आंत पाऊल टाकल्याबरोबर समोर येई ती वेदी: 5 हात चौरस, 3 हात उंच, बाभळीच्या लांकडाची, वरून धातूनें मढविलेली. मराठी शास्त्रांत त्या धातूला पितळ म्हटलें आहे, आणि भंडाऱ्याच्या मुलांना तें वाचून आपल्या गांवच्या प्रसिद्ध भांड्यांची आठवण होते. मात्र त्या काळीं तें कांसें असण्याचा संभव अधिक. वेदीजवळचें गंगाळ तर स्त्रियांनीं दिलेल्या आरशांचें केलें होतें. तेव्हांचे आरसे घांसून लखलखीत केलेल्या धातूचेच असत.

अर्पणांचे मुख्य प्रकार पांच: होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण व दोषार्पण. होमार्पणांत सगळा पशु वेदीवर जळे. त्याचें इब्री नांव 'ओला' म्हणजे वर जाणारें. शांत्यर्पणाचें मांस याजकाचा वांटा काढून अर्पण करणारा आपल्या माणसांबरोबर खाई. तें एक प्रकारचें देवाच्या घरचें जेवणच होतें. येथें प्रत्येकाचे नियम सांगत बसत नाहीं. दोन गोष्टींकडे मात्र लक्ष द्यावें.

पहिली गोष्ट हाताची. अर्पण आणणारा मनुष्य पशूच्या डोक्यावर आपला हात ठेवी, आणि मग त्याचा वध तोच करी. याजकाचें काम रक्त घेऊन वेदीपाशीं जाण्यापासून सुरू होई. दुरून पैसे पाठवून दुसऱ्याकडून विधि उरकण्याची सोय नव्हती. ज्याचें पाप त्याच्याच तळहाताखालीं तें निष्पाप जनावर असे, आणि पापाची किंमत काय हें त्याला आपल्याच हातांनीं कळे. लेवीय पुस्तकांतील रक्त आपल्याला वाचवत नाहीं, तें त्या इस्राएली शेतकऱ्यालाही पाहवत नसेल. तसें पाहवूं नये म्हणूनच हा विधि होता असें मला वाटतें.

दुसरी गोष्ट गरिबाची. ज्याला कोंकरूं परवडत नसे त्यानें दोन होले किंवा पारव्याचीं दोन पिलें आणावीं, आणि तेवढेंही ज्याच्याजवळ नाहीं त्यानें एफाचा दहावा हिस्सा सपीठ आणावें, त्यांत तेल नको, धूप नको, अशी सवलत पांचव्या अध्यायांत आहे. दारिद्र्यामुळें कोणी देवापासून दूर राहूं नये, ही त्या नियमशास्त्राची काळजी पाहण्यासारखी आहे. आतां लूकाचा दुसरा अध्याय काढा. बाळ येशूला मंदिरांत आणिलें तेव्हां मरीयेनें जें अर्पण केलें तें कोंकरूं नव्हतें. तें पांखरांचें होतें. बाळंतिणीच्या शुद्धीसाठीं बाराव्या अध्यायांत गरिबांना जी मोकळीक दिली आहे तीच ती. जगाच्या तारकाचें घर गरिबांच्या यादींतलें होतें, हें लूकानें एका वाक्यांत सांगितलें आहे, आणि लेवीय पुस्तक न वाचणाऱ्याला तें कळतच नाहीं.

आतां याजकाकडे वळूं. निर्गमाच्या 28 व्या अध्यायांत अहरोनाच्या वस्त्रांचें वर्णन आहे. सोनेरी, निळें, जांभळें व किरमिजी सूत, तलम ताग, झग्याच्या घेरावर सोन्याचीं घुंगरें व सुताचीं डाळिंबें, कपाळावर सोन्याची पट्टी. दोन्ही खांद्यांवर एक एक रत्न, व प्रत्येकावर सहा सहा वंशांचीं नांवें कोरलेलीं. छातीवरील ऊरपटांत बारा रत्नें, व त्यांवर पुन्हा तींच बारा नांवें. म्हणजे मुख्य याजक आंत जाई तेव्हां एकटा जात नसे. सर्व लोकांना खांद्यावर आणि हृदयावर घेऊन जाई. आपल्याकरितां कोणी मध्यस्थ बोलतो याचें ह्याहून स्पष्ट चित्र काढतां येणार नाहीं.

पण ह्याच अहरोनाला सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, प्रायश्चित्ताच्या दिवशीं, काय करावें लागे तें सोळाव्या अध्यायांत वाचावें. त्या दिवशीं तो परमपवित्र स्थानांत जाई तो सोन्यारत्नांचा पोशाख घालून नव्हे. तो स्नान करी आणि तागाचीं साधीं वस्त्रें नेसे. वर्षांतील सर्वांत मोठ्या कामाला सर्वांत साधा वेष! आणि लोकांच्या पापासाठीं कांहीं करण्यापूर्वीं स्वतःच्या व स्वतःच्या घराण्याच्या पापासाठीं त्याला गोऱ्हा अर्पावा लागे. त्यानंतर दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकीत. एकाचा वध होऊन त्याचें रक्त पडद्याच्या आंत दयासनावर शिंपडलें जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर अहरोन दोन्ही हात ठेवून लोकांचीं सर्व पापें कबूल करी, व मग त्याला रानांत नेऊन सोडून देत. एक बकरा पापाची किंमत दाखवितो, दुसरा पाप किती दूर गेलें तें दाखवितो. एकाच सत्याच्या ह्या दोन बाजू एका जनावरानें दाखवितां आल्या नसत्या. ज्यांचें रक्त आंत नेलें जाई त्या पशूंचीं शरीरें छावणीबाहेर जाळीत.

इ. स. 70 मध्यें रोमी सैन्यानें यरुशलेमांतील मंदिर पाडलें, आणि तेव्हांपासून यहुदी लोकांचें पशुबलिदान बंद पडलें. बलिदानाच्या जागीं प्रार्थना, उपवास व दानधर्म आले. ह्याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे, व तें मुलांना ठाऊक असावें. कोंकणांत, पूर्वीच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत, बेने इस्राएल नांवाचा मराठी बोलणारा यहुदी समाज शतकानुशतकें राहिला. ते तेलाच्या घाण्याचा धंदा करीत, आणि शब्बाथामुळें शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्यांत अहरोनवंशी याजकांचीं घराणीं नव्हतीं. धर्मकृत्यें 'काजी' म्हणविणाऱ्या घराण्यांकडे असत. मंदिर नाहीं, याजक नाहीं, तरी प्रायश्चित्ताचा दिवस ते पाळीतच राहिले. त्याला ते 'दरफाळणीचा सण' म्हणत. त्या दिवशीं दारें बंद करून उपवास करावयाचा. नवस फेडतांना, किंवा लग्नासारख्या मंगल प्रसंगीं, त्यांच्या घरीं 'मलिदा' होतो. गोड पोहे, खोबरें व फळें तबकांत मांडून एलीया संदेष्ट्याचें स्मरण करितात व प्रार्थनेनंतर तें सर्वांना वांटतात. मलिदा हा शब्द आपण दर्ग्याच्या प्रसादासंबंधानें ऐकतों. परंतु बेने इस्राएलांतील कांहीं जाणत्यांनीं ह्या विधीचा संबंध लेवीय पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांतील अन्नार्पणाशीं जोडला आहे. तेथें गव्हाचें सपीठ व तेल, येथें तांदुळाचे पोहे व नारळ. 1948 नंतर ह्या समाजांतील बहुतेक मंडळी इस्राएल देशांत जाऊन राहिली, आणि मलिद्याची चाल त्यांनीं तेथेंही नेली. डॉक्टर जॉन विल्सन यांनीं एकोणिसाव्या शतकांत मुंबईस ह्या लोकांना इब्री शिकविण्यासाठीं मराठींत इब्री व्याकरण लिहिलें होतें, हेंही मिशन शाळेंतील मुलांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

यहुदी बांधव लेवीय पुस्तक आपल्या परीनें वाचतात, आणि त्यांच्या वाचनाविषयीं आपण आदर बाळगावा. आपण ख्रिस्ती लोक तें इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या उजेडांत वाचतों. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण 1616 सालीं गोव्यांत राशोल येथें छापलें गेलें. त्यांनीं त्या ग्रंथाचे जुन्या कराराचें पहिलें पुराण व ख्रिस्तचरित्राचें दुसरें पुराण असे दोन भाग केले, ते याच समजुतीनें. येथें एक सूचना करितों. कांहीं उपदेशक मंडपाच्या प्रत्येक मेखेंत, प्रत्येक दोरींत व प्रत्येक रंगांत प्रभूचें चिन्ह शोधतात. तें ऐकावयास गोड लागतें, पण त्याला आधार नसतो, आणि हुशार मुलाचा विश्वास त्यानें वाढण्याऐवजीं डळमळतो. नव्या करारानें स्वतः जें चिन्ह म्हटलें आहे तेवढेंच चिन्ह धरावें. तें पुष्कळ आहे.

त्यांतलें मुख्य हें. अहरोन याजक होता, पण बलि नव्हता. बकरा बलि होता, पण याजक नव्हता. बकऱ्याला आपण कशासाठीं मरतों हें ठाऊक नव्हतें, आणि अहरोनाला तें ठाऊक होतें पण तो मरत नव्हता. जाणणारा एक आणि मरणारा दुसरा, असें असेपर्यंत तो विधि अपुराच राहणार, म्हणून तो दर वर्षीं नव्यानें करावा लागे. ख्रिस्ताच्या ठायीं हे दोघे प्रथमच एक झाले. त्यानें जाणून बुजून, कोणाची सक्ति नसतां, स्वतःलाच अर्पिलें. तो लेवीच्या वंशांतला नव्हता, यहूदाच्या वंशांतला होता. म्हणून पत्राचा लेखक त्याचें याजकपण अहरोनाच्या परंपरेंत न बसवितां मलकीसदेकाच्या परंपरेंत बसवितो. अहरोनानें रत्नांचा पोशाख उतरविला. ख्रिस्तानें आपलें वैभव उतरविलें. पशूंचीं शरीरें छावणीबाहेर जळत. ख्रिस्त नगराच्या वेशीबाहेर मेला. आणखी एक बारीक गोष्ट: मंडपांत दीपवृक्ष होता, मेज होतें, धूपवेदी होती, पण याजकाला बसावयास आसन कोठेंच नव्हतें. त्याचें काम संपतच नसे, म्हणून तो उभाच. ह्या याजकानें एकदांच अर्पण केलें आणि तो बसला, हें दहाव्या अध्यायांत मुद्दाम सांगितलें आहे. आपल्या मंडळींत पाळकसाहेबांना याजक म्हणत नाहींत त्याचें कारणही हेंच. रोमन कॅथोलिक बंधूंचा विचार याबाबतींत निराळा आहे.

ज्यांना हा अभ्यास घरीं करावयाचा आहे त्यांनीं लेवीय पुस्तकाचे 1, 5 व 16 हे तीन अध्याय प्रथम वाचावे, त्यांना जोडून निर्गम 28 वाचावा, व नंतर इब्री लोकांस पत्राचे 7 ते 10 हे चार अध्याय सलग वाचावे. पालकांनीं लहान मुलांबरोबर बसून मंडपाचा आराखडा जमिनीवर खडूनें काढावा. एका हातास एक वीत धरली तर अंगण पुरतें. लेवीयाच्या 13 व 14 व्या अध्यायांतील त्वचारोगाचे नियम हा निराळा विषय असून त्यासाठीं स्वतंत्र लेख लागेल.