आभासी वास्तव आणि शालेय अध्यापन

हृदयाचे कप्पे, ज्वालामुखीचे मुख, चंद्राचा पृष्ठभाग असे विषय शिकविताना शिक्षकास फळ्यावरील आकृतीवर विसंबावे लागते. अशा दुर्गम गोष्टी डोळ्यांपुढे उभ्या करणारे ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ म्हणजेच आभासी वास्तव हे साधन आता शाळांच्या दारी आले आहे. त्यावर पैसा खर्च करावा काय, आणि केल्यास त्याचा उपयोग कसा करावा, याचा विचार शिक्षक, पालक व अधिकारी या सर्वांनीच करणे अगत्याचे आहे.

साधनामागील तत्त्व

आपल्या दोन डोळ्यांत सुमारे सहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्यास किंचित वेगळे चित्र दिसते, आणि मेंदू ती दोन्ही एकत्र करून खोलीचे ज्ञान करून घेतो. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ साली हे तत्त्व उपकरणासह मांडले. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसणारे व मान वळेल तसे दृश्य बदलणारे संगणकीय उपकरण सादर केले. आजचे चष्मे याच मार्गाने पुढे आले आहेत. २०१४ साली गूगलने पुठ्ठ्याची पेटी, दोन भिंगे व मोबाइल एवढ्यावर चालणारे स्वस्त साधन आणले.

अभ्यास काय सांगतो?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील पॅराँग व मेयर या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने रक्तपेशींचा पाठ आभासी वास्तवातून पाहिला, तर दुसऱ्याने साध्या संगणकीय चित्रपट्टिकांतून. पहिल्या गटास गोडी अधिक वाटली. परंतु चाचणीत दुसरा गट सरस ठरला. मात्र आभासी पाठ टप्प्याटप्प्याने थांबवून प्रत्येक टप्प्याचा सारांश विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतला, तेव्हा त्यांचे ज्ञान वाढले.

हे विद्यार्थी शालेय वयाचे नव्हते, हे ध्यानी ठेवूनही बोध स्पष्ट आहे. साधन अनुभव देते; त्या अनुभवाचे ज्ञानात रूपांतर विचार करण्याने व लिहिण्याने होते, आणि ते घडवून आणणे हे शिक्षकाचेच काम आहे.

वर्गातील योजना

चाळीस मिनिटांच्या तासिकेत प्रथम दहा मिनिटे विषयाची ओळख करून द्यावी व काय पाहावयाचे ते दोन-तीन प्रश्नांनी ठरवून द्यावे. नंतर पाच-सहा मिनिटे दर्शन व्हावे, तेही दोन भागांत. प्रत्येक भागानंतर विद्यार्थ्यांनी चष्मा उतरवून स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहाव्यात. उरलेला वेळ चर्चेस व आकृती काढण्यास द्यावा. उपकरणे थोडी असल्यास गट पाडावेत. एक गट पाहत असताना इतरांनी लेखन करावे.

विद्यार्थ्यांस खुर्चीवर बसवूनच दृश्य दाखवावे. डोळ्यांस हालचाल दिसते, पण कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय शरीर स्थिर असल्याचे सांगते. या विसंगतीमुळे काहींना चक्कर किंवा मळमळ होते. तसे होताच चष्मा काढावा. अपस्माराचा विकार असलेल्या मुलास हे साधन वैद्यकीय सल्ल्याविना देऊ नये. उत्पादकाने घातलेली वयोमर्यादा पाळावी, आणि प्रत्येक वापरानंतर उपकरण पुसून स्वच्छ करावे.

खरेदीपूर्वी

गूगलने २०१५ साली ‘एक्स्पिडिशन्स’ या नावाने शाळांसाठी आभासी सहलींची योजना सुरू केली. २०२१ साली ती बंद झाली.  म्हणून खरेदीपूर्वी काही प्रश्न विचारावेत: पाठ इंटरनेटविना चालतात काय? ते मुलांना समजणाऱ्या भाषेत आहेत काय? कंपनीने सेवा थांबविल्यास शाळेच्या हाती काय उरेल? दुरुस्ती कोण करील?

जेथे पायी किंवा बसने जाता येते, तेथे यंत्राची गरज नाही. सांगे तालुक्यात कुशावती नदीकाठी असलेली उसगाळीमळची कातळशिल्पे गोव्यातील विद्यार्थ्यांनी जांभ्या खडकावर उभे राहूनच पाहावीत. चंद्रावर सहल नेता येत नाही. तेथे मात्र हे साधन उपकारक ठरेल. ही निवड नीट झाली, तर थोड्या खर्चातही शाळेस मोठा लाभ होऊ शकेल.